एका आईच्या दोन लेकी : कोरियाची गोष्ट





आपल्या बैठकांमध्ये एक प्रश्न नेहमी निघतो. काही देश एवढे श्रीमंत कसे आणि काही एवढे गरीब का? मग उत्तरं येतात. कुणी म्हणतं, त्यांच्याकडं पाऊसपाणी चांगलं. कुणी म्हणतं, त्यांची माणसं कष्टाळू. कुणी म्हणतं, जमिनीखाली खाणी असतील. आणि शेवटी एखादी आजी म्हणते, "नशीब गं बाई एकेकाचं."

आज मी तुम्हाला अशा देशाची गोष्ट सांगणार आहे, जिथं ही सगळी उत्तरं थकतात. तो देश म्हणजे कोरिया. चीन आणि जपानच्या मधे समुद्रात शिरलेला जमिनीचा एक पट्टा. शेकडो वर्षं एक राजा, एक भाषा, एकच खाणंपिणं. थंडी सुरू झाली की कोबी-मुळ्याचं तिखट किमची घालायला गल्लीतल्या सगळ्या बायका एकत्र जमणार, जशा आपण उन्हाळ्यात कुरडया-पापडाला जमतो. अशा या देशाचे १९४५ साली दोन तुकडे झाले. लोक तेच, भाषा तीच, किमची तेच. आणि आज दक्षिण कोरियात माणशी जेवढं उत्पन्न आहे, त्याच्या साधारण तिसावा हिस्साच उत्तर कोरियात माणशी येतो, असा दक्षिण कोरियाच्या मध्यवर्ती बँकेचा अंदाज आहे. रात्री आकाशातून काढलेल्या फोटोत दक्षिण दिव्यांनी लखलखते आणि उत्तर जवळजवळ काळी दिसते, जणू तिथं समुद्रच आहे.

एका आईच्या दोन लेकी. मग एवढा फरक पडला कशानं?

वाटणी कशी झाली

१९१० पासून कोरियावर जपानचं राज्य होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपत आलं आणि जपान शरण येणार हे दिसू लागलं. उत्तरेकडून रशियाचं सैन्य कोरियात शिरत होतं. तेव्हा अमेरिकेत दोन तरुण लष्करी अधिकाऱ्यांना रातोरात सांगण्यात आलं, आपलं सैन्य कुठपर्यंत आणि रशियाचं कुठपर्यंत, ते ठरवा. त्यांनी समोरचा नकाशा बघितला आणि ३८ व्या अक्षांशाच्या रेषेवर बोट ठेवलं. अर्ध्या तासाचं काम. एकाही कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही. गावं, नद्या, शेतं, सोयरीक, सगळ्यांतून ती रेषा गेली.

१९४८ साली दोन वेगळी सरकारं झाली. १९५० मध्ये उत्तरेनं दक्षिणेवर हल्ला केला आणि तीन वर्षं भयंकर युद्ध झालं. एका बाजूला अमेरिका आणि तिचे मित्रदेश, दुसऱ्या बाजूला चीनचं सैन्य आणि रशियाची मदत. लाखो माणसं मेली, शहरांचं रान झालं. शेवटी २७ जुलै १९५३ ला लढाई थांबली आणि सीमा जवळजवळ होती तिथंच राहिली.

इथं आपल्या मातीचा एक धागा सांगते. त्या युद्धात भारतानं लढायला सैन्य पाठवलं नाही, जखमींची सेवा करायला डॉक्टरांचं पथक पाठवलं. लढाई थांबल्यावर ज्या युद्धकैद्यांना आपापल्या देशात परत जायचं नव्हतं, त्यांचा सांभाळ करायचं नाजूक काम भारतीय सैन्याच्या तुकडीकडं आलं. त्या तुकडीचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

विहीर कुणाला, कोरडवाहू कुणाला

आता वाटणीत कुणाच्या पदरात काय पडलं ते बघू. घरच्या वाटणीत एकीला विहीर, मोटार आणि बागायत मिळावी आणि दुसरीला कोरडवाहू तुकडा, तसं झालं.

विहीर मिळाली उत्तरेला. जपान्यांनी धरणं आणि वीजकेंद्रं बांधली होती ती बहुतेक उत्तरेत. यालू नदीवरचं सुपुंग धरण त्या काळी आशियातल्या मोठ्या धरणांपैकी एक. खताचा भला मोठा कारखाना हुंगनामला, तोही उत्तरेत. कोळसा, लोखंड उत्तरेत. दक्षिणेत भातशेती होती आणि माणसं जास्त होती. दक्षिणेला लागणारी वीजसुद्धा मोठ्या प्रमाणात उत्तरेकडून यायची. १४ मे १९४८ ला उत्तरेनं ती तार तोडली आणि दक्षिणेत अंधार झाला.

म्हणजे बघा, यंत्रं, वीज, खत, म्हणजे आपण ज्याला तंत्रज्ञान म्हणतो, ते सुरुवातीला उत्तरेकडं होतं. आणि तिथलं सरकारही सुरुवातीला झोपलेलं नव्हतं. १९४६ मध्येच त्यांनी जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना फुकट वाटल्या. त्याच वर्षी स्त्री-पुरुष समानतेचा कायदा केला. प्रौढांना लिहायवाचायला शिकवलं. युद्धानंतर रशिया आणि चीनच्या मदतीनं कारखाने पुन्हा उभे केले. १९६० च्या सुमाराला उत्तर कोरियाचं माणशी उत्पन्न दक्षिणेपेक्षा जास्त होतं, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

दक्षिणेची तेव्हाची अवस्था काय होती? १९६० साली माणशी वर्षाचं उत्पन्न साधारण ८० डॉलर. अमेरिकेहून येणाऱ्या धान्यावर गुजराण. पण दोन गोष्टी तिथंही झाल्या होत्या. पहिली, १९५० पासून कसेल त्याची जमीन. एका कुटुंबाला साधारण तीन हेक्टरपेक्षा जास्त शेती ठेवता येणार नाही असा कायदा झाला. कुळांनी वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत पाच वर्षांत हप्त्यानं फेडायची आणि जमिनीचं मालक व्हायचं. दुसरी, शाळा. १९४५ मध्ये दहातल्या जवळजवळ आठ प्रौढांना अक्षरओळख नव्हती. पुढच्या पंधरा वर्षांत जवळपास प्रत्येक मूल, मुलगी असो की मुलगा, प्राथमिक शाळेत जाऊ लागलं.

ही दोन कामं लक्षात ठेवा. पुढं जे झालं त्याचा पाया तो आहे. जमीन नसलेल्या, निरक्षर माणसाच्या हातात यंत्र दिलं तर तो त्या यंत्राचा हमाल होतो. घरची थोडी जमीन आणि चार इयत्तांचं शिक्षण असलं की तो यंत्राला प्रश्न विचारतो, बिघडलं तर उघडून बघतो.

बायकांचे केस आणि पोरींचे हात

१९६१ मध्ये पार्क चुंग-ही नावाच्या सेनापतीनं दक्षिणेत बंड करून सत्ता घेतली. माणूस हुकूमशहा होता, हे आधीच सांगून ठेवते. पण त्यानं ठरवलं, आपल्याकडं खाणी नाहीत, तेल नाही, तर माल तयार करून बाहेर विकायचा. पैसा कुठून आला? अमेरिकेची मदत होती. १९६५ च्या करारानं जपानकडून पैसा आला. व्हिएतनामच्या युद्धात सैन्य पाठवून पैसा आला. पश्चिम जर्मनीत खाणकामगार आणि नर्स म्हणून गेलेल्या तरुण मुला-मुलींनी घरी पाठवलेला पैसा होता. फुकट आणि निर्मळ असं त्यात फार थोडं होतं.

आणि सुरुवातीच्या काळात कोणता माल विकला? बायकांचे केस. हो, खरंच. खेड्यातल्या बायकांनी आपले लांब केस विकले, त्यांचे टोप तयार झाले आणि अमेरिकेत विकले गेले. १९७० च्या सुमाराला केसांचे टोप हा देशाच्या निर्यातीतला एक मोठा माल होता. त्याबरोबर कापड, शिवलेले कपडे, बूट. हे सगळं कुणी केलं? पंधरा-सोळा वर्षांच्या खेड्यातल्या पोरींनी. त्या सोलमध्ये येऊन दाटीवाटीनं खोल्यांत राहिल्या, दिवसाचे बारा-चौदा तास मशीनवर बसल्या आणि पगार गावी पाठवला. त्यावर भावांची शिक्षणं झाली.

टोप विकून मिळालेला पैसा पुढच्या पायरीवर घातला गेला. पोहांग गावी समुद्रकाठी पोलादाचा कारखाना काढला, त्यात जपानकडून आलेल्या पैशाचा मोठा वाटा होता. अभियंते आणि कामगार परदेशी जाऊन काम शिकून आले. १९७३ मध्ये पहिलं लोखंड वितळून बाहेर आलं. मग जहाजं, मोटारी, टीव्ही, आज मोबाईलच्या चिप. १९६४ मध्ये वर्षाची निर्यात १० कोटी डॉलर झाली म्हणून त्यांनी सण केला होता. तेरा वर्षांत, १९७७ मध्ये, ती शंभरपट म्हणजे १,००० कोटी डॉलर झाली. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला फ्रीज, वॉशिंग मशीन तयार करणारा कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हातातला मोबाईलही कोरियन कंपनीचा असेल. ज्या देशानं साठ वर्षांपूर्वी बायकांचे केस विकून सुरुवात केली, त्याचा हा माल.

सिमेंटच्या ३३५ गोण्या

आता गटाच्या बायकांना सगळ्यात जवळची वाटेल अशी गोष्ट.

१९७० मध्ये दक्षिणेतली शहरं पुढं गेली होती, पण खेडी मागंच होती. गवताची छपरं, चिखलाचे रस्ते, बहुतेक गावांत वीज नाही. त्या वर्षी देशात सिमेंट जास्त झालं आणि कारखान्यात पडून राहू लागलं. सरकारनं ठरवलं, प्रत्येक गावाला ३३५ गोण्या फुकट द्यायच्या. देशातल्या तेहतीस हजारांवर गावांना त्या मिळाल्या. अट एकच होती. घरोघरी वाटून घ्यायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, गावाच्या सामाईक कामाला वापरायच्या. काम कोणतं, ते गावानं बैठक घेऊन ठरवायचं.

वर्षभरानं पाहणी झाली. निम्म्या गावांत काम चांगलं झालं होतं. कुणी पूल बांधला, कुणी विहीर, कुणी धुणं धुवायची जागा. लोकांनी आपली मजुरी घातली, रस्त्यासाठी जमिनीचा तुकडासुद्धा सोडला. निम्म्या गावांत मात्र फारसं काम झालं नाही. दुसऱ्या वर्षी सरकारनं फक्त काम केलेल्या सोळा हजारांवर गावांना आणखी ५०० गोण्या आणि एक टन लोखंड दिलं. बाकीच्यांना काही नाही. मग राहिलेली गावंही हलली. या चळवळीचं नाव सेमाउल उंदोंग, म्हणजे नवं गाव चळवळ.

प्रत्येक गावात दोन पुढारी निवडायचे असं ठरलं, एक पुरुष आणि एक बाई. घरातल्या मोठ्यांसमोर तोंड न उघडणाऱ्या सुना त्या काळी पहिल्यांदा बैठकीत उभ्या राहून बोलल्या. गावोगावी महिला मंडळं झाली. त्यांची पहिली बचत कशी होती माहीत आहे? स्वयंपाकघरात एक मडकं ठेवायचं. रोज भात टाकताना तांदळातला एक चमचा काढून त्या मडक्यात टाकायचा. महिन्यानं सगळ्यांचा तांदूळ गोळा करून विकायचा आणि पैसा मंडळाच्या खात्यात. आपल्याकडंही मूठभर धान्य बाजूला काढून गट सुरू केलेल्या बाया आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या पैशातून मंडळांनी गावचं दुकान काढलं, पाळणाघरं चालवली. जुगार आणि दारूच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या, काही ठिकाणी गुत्ते बंद पाडले.

१९७० चं दशक संपेपर्यंत दक्षिणेतल्या जवळपास सगळ्या गावांत वीज पोचली.

आता या चळवळीची दुसरी बाजू. सरकारचा दबाव मोठा होता. गवताचं छप्पर काढून सिमेंटचे पत्रे घाला म्हणून अधिकारी मागं लागायचे, आणि त्यापायी कित्येक घरं कर्जात गेली. पुढं कळलं की त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे, फुप्फुसाला घातक. आता तेच पत्रे काढायला सरकार पैसे देतं. आणि गावं सुधारली तरी तरुण पोरं शहराकडं गेलीच. आज तिथल्या खेड्यांत म्हातारी माणसं उरली आहेत.

किंमत कुणी मोजली

दक्षिणेच्या यशाची गोष्ट सांगताना बरेच जण इथं थांबतात. मी थांबणार नाही, कारण ही किंमत बायकांनी मोजली.

सोलच्या बाजारात शिवणकामाचे शेकडो छोटे कारखाने होते. माळ्यावर माळा घातलेला, उभं राहता येणार नाही एवढी उंची, सगळीकडं कापसाची धूळ. तिथं चॉन थे-इल नावाचा एक तरुण शिंपी होता. हाताखालच्या लहान पोरी उपाशी काम करतात हे बघून तो आपल्या बसच्या पैशातून त्यांना खाऊ घ्यायचा आणि स्वतः रात्री चालत घरी जायचा. देशात कामगार कायदा आहे हे त्याला कळलं तेव्हा त्यानं ते पुस्तक विकत घेतलं, अडखळत वाचलं आणि सरकारी कचेरीत अर्ज केले. कुणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० ला, वयाच्या बावीसाव्या वर्षी, त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. आम्ही यंत्रं नाही, असं तो ओरडत होता. त्याची आई ली सो-सन हिनं लेकाचं काम हातात घेतलं आणि मरेपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, ती कामगारांच्या लढ्यात राहिली. लोक तिला सगळ्या कामगारांची आई म्हणायचे.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये केसांचे टोप तयार करणाऱ्या वायएच नावाच्या कंपनीनं कारखाना बंद केला. तिथल्या मुली विरोधी पक्षाच्या कचेरीत धरणं धरून बसल्या. पोलीस आत घुसले. किम क्योंग-सुक नावाची एकवीस वर्षांची कामगार मुलगी त्यात मेली. विरोधी पक्षाच्या नेत्याला संसदेतून काढलं, त्यावरून शहरं पेटली, आणि ऑक्टोबरमध्ये पार्कला त्याच्याच गुप्तचर खात्याच्या प्रमुखानं गोळी घातली. त्यानंतर आणखी एक लष्करी राजवट आली. अखेर १९८७ च्या जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठं लोकांना थेट मतदानानं राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क मिळाला.

यात एक भाताच्या बियाण्याचीही गोष्ट आहे. तांदूळ कमी पडायचा म्हणून शाळेत पोरांचे डबे तपासले जायचे, भातात बार्ली मिसळली आहे का ते बघायला. मग कोरियन शास्त्रज्ञानं फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेत नवीन वाण काढलं, त्याचं नाव तोंगइल. उतारा जुन्या वाणांपेक्षा साधारण तीस टक्के जास्त. १९७७ ला विक्रमी पीक आलं, देशाचं भागलं. पण या वाणाचा भात लोकांना आवडायचा नाही आणि थंडी त्याला सोसायची नाही. शेतकरी सांगत होते. अधिकारी ऐकत नव्हते, कारण त्यांना वरून आकडे गाठायचे होते. दुसऱ्या वाणाचा तरवा टाकला तर तो तुडवून टाकल्याच्याही घटना झाल्या. १९७८ ला करपा आला, १९८० ला थंड उन्हाळ्यानं पीक बसलं. मग मात्र सरकारला सक्ती सोडावी लागली आणि शेतकरी आपल्या पसंतीच्या वाणाकडं वळले.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. चूक झाली, लोक ओरडले, मार खाल्ला, पण शेवटी चूक थांबली. उत्तरेत काय झालं ते आता बघू.

मोटार आहे, वीज नाही

उत्तर कोरियात किम इल-सुंग १९४८ पासून १९९४ ला मरेपर्यंत सत्तेवर होता. मग मुलगा, मग नातू. वाटलेली जमीन १९५८ पर्यंत परत सामुदायिक शेतीत घेतली गेली. शेती कशी करायची, रोपं किती दाट लावायची, कुठल्या डोंगरावर मका घ्यायचा, हे वरून ठरायचं आणि ते खुद्द नेत्याच्या नावानं यायचं. नेत्याच्या नावानं आलेल्या गोष्टीला चूक कोण म्हणणार? म्हटलं तर माणूस छावणीत जायचा, कधी सगळं कुटुंबच.

तंत्रज्ञान तिथं भरपूर होतं, हे विसरू नका. गावोगावी वीज दक्षिणेच्या आधी पोचली. विजेच्या पंपांनी नदीचं पाणी शेतात चढवलं जायचं. रासायनिक खत भरपूर टाकलं जायचं. पण ही सगळी यंत्रणा रशियाच्या स्वस्त तेलावर, सुट्या भागांवर टेकलेली होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि स्वस्त तेल थांबलं. तेल नाही म्हणून खाणी मंदावल्या, कोळसा नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून पंप बंद आणि खतकारखाने बंद. साखळीतली एक कडी तुटली आणि सगळी साखळी खाली आली. मक्यासाठी डोंगर उघडे केले होते. १९९५ च्या पावसाळ्यात महापूर आला तेव्हा त्या डोंगरांची माती शेतांत, नद्यांत येऊन बसली.

मग दुष्काळ पडला. किती माणसं मेली याचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांच्या वर जातात. सरकारचं रेशन बंद झालं, आणि धान्याच्या खासगी खरेदी-विक्रीला तिथं बंदी होती.

त्या काळात घरं कुणी जगवली? बायकांनी. पुरुषांना सरकारी कामावर हजेरी लावावीच लागायची, काम नसलं, पगार नसला तरी. लग्न झालेल्या बायकांना तेवढी सक्ती नव्हती. त्यांनी घरातली भांडी विकली, डोंगरातल्या भाज्या विकल्या, टोफू, नूडल्स करून रस्त्यावर बसल्या. त्यातून बाजार उभे राहिले. बंदी असलेले बाजार, बायकांचे बाजार.

आणि नेत्यानं काय केलं? अमुक वयाखालच्या बायकांनी बाजारात बसायचं नाही असे हुकूम काढले. ३० नोव्हेंबर २००९ ला जाहीर झालं, शंभराची जुनी नोट आता एकाची, आणि एका घराला ठरावीक रकमेपर्यंतच जुने पैसे बदलून मिळणार. वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेला बायकांचा पैसा काही दिवसांत कागद झाला. त्या वेळी मात्र असंतोष एवढा झाला की सरकारला मर्यादा वाढवावी लागली आणि बाजार पुन्हा उघडू द्यावे लागले.

याच देशानं २००६ मध्ये अणुस्फोट केला आणि २०१२ मध्ये स्वतःच्या रॉकेटनं उपग्रह आकाशात सोडला. म्हणजे हुशारी कमी नाही, शास्त्रज्ञ कमी नाहीत. ती हुशारी कशाला जुंपायची हे ठरवणारा एकच माणूस आहे, आणि शेतातल्या पंपाला वीज नाही हे त्याला कुणी मोठ्यानं सांगू शकत नाही.

मग या गोष्टीतून काय घ्यायचं

मैत्रिणींनो, तंत्रज्ञानानं देश श्रीमंत होतो, असं आपण सहज म्हणतो. कोरियात धरण, कारखाना, खत ज्याच्याकडं आधी होतं तो मागं पडला. खंबीर नेता पाहिजे, असंही म्हणतो. खंबीर नेते दोन्हीकडं होते, आणि दोघांनीही माणसं तुरुंगात टाकली. फरक कुठं पडला? माझ्या समजुतीनं दोन ठिकाणी.

एक, यंत्राबरोबर विद्या आली का? दक्षिणेनं बाहेरून यंत्र आणलं, ते चालवायला शिकले, दुरुस्त करायला शिकले आणि मग स्वतः तयार करू लागले. उत्तरेची यंत्रं बाहेरच्या तेलावर आणि सुट्या भागांवर टेकून राहिली.

दुसरं, चूक झाली तर ती सांगता येते का आणि सांगितल्यावर थांबते का? दक्षिणेत ते सहज झालं नाही. एका शिंप्यानं जीव दिला, एका मुलीचा जीव गेला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तेव्हा नेत्यांना ऐकावं लागलं. पण ऐकावं लागलं. उत्तरेत सांगायची वाटच बंद होती, म्हणून एकाच माणसाची चूक पन्नास वर्षं चालत राहिली आणि दोन कोटींहून जास्त लोकांच्या ताटात आली.

आणखी एक आकडा सांगते. शंभर वर्षांत जगातल्या कुठल्या बायकांची उंची सगळ्यात जास्त वाढली, याचा अभ्यास झाला. उत्तर आलं दक्षिण कोरियाच्या बायका, साधारण २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. रेषेपलीकडून पळून आलेल्यांची मुलं मात्र दक्षिणेतल्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा बुटकी भरली. रक्त तेच. ताटात काय पडलं त्याचा हा फरक. नशीब म्हणणाऱ्या आजीला हे जरूर सांगा.

दक्षिणेत सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. ज्या पोरींच्या हातांवर तो देश उभा राहिला, तिथं आजही बाईचा पगार पुरुषापेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी आहे. श्रीमंत देशांच्या यादीत ही दरी सगळ्यात मोठी तिथंच आहे. देश श्रीमंत झाला म्हणजे घरातली वाटणी आपोआप न्यायाची होते, असं नाही.

आता आपल्याकडं या. देशाचं धोरण आपण ठरवत नाही, पण ग्रामसंघात यंत्र येतं, गिरणी येते, ड्रोन येतो, मोबाईलवर हिशोब लिहायचं ॲप येतं. मी फिरते त्या भागात एका ठिकाणी मसाल्याचं यंत्र आलं. कोणतं घ्यायचं, कुठं ठेवायचं, सगळं दोघीतिघींनी ठरवलं. तिथं थ्री-फेज वीज नाही, हे गटातल्या एका म्हाताऱ्या बाईला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. यंत्र अजून प्लास्टिकमध्ये आहे. दुसऱ्या एका गावात साधी शेवयांची मशीन आहे. तिथल्या चौघी ती खोलून साफ करतात, बेअरिंग बदलतात, आणि दर बैठकीत हिशोब मोठ्यानं वाचला जातो. तो गट दुसरी मशीन घ्यायच्या तयारीत आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत, हप्ता गोळा झाल्यावर आणि इतिवृत्त लिहायच्या आधी, एवढे तीन प्रश्न सगळ्याजणींसमोर ठेवा. आपल्या गटात जे यंत्र किंवा मोबाईलचं काम आलं आहे, ते किती जणींना येतं? ते बिघडलं तर आपल्यातली कोण दुरुस्त करेल, की ज्याच्यावर आपण टेकलो आहोत तो उद्या निघून गेला तर सगळं बंद पडेल? आणि अध्यक्ष-सचिवांचं चुकलं तर ते तोंडावर सांगायची हिंमत आपल्यातल्या सगळ्यात गरीब, सगळ्यात गप्प बाईला आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अध्यक्षांनी देऊ नये. ते त्या गप्प बाईला देऊ द्या, आणि तिचं बोलून होईपर्यंत कुणी मधे बोलू नका.

पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.